माहेरचा वाल : एका वेलाचा हिशेब

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त, महावीर जन्मकल्याणकाच्या सप्ताहातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)

 

या व्याख्यानमालेत बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी कापडाचा व्यापारी. चाळीस वर्षे गादीवर बसून ताग्यांची उलथापालथ केली. व्यासपीठ हा माझा प्रांत नव्हे. परळीच्या कापडपेठेच्या आठवणी मी सांगाव्यात, अशी विश्वस्तांची अपेक्षा होती. परंतु त्या आठवणी माझ्याहून अधिकाराने सांगणारी वडीलधारी मंडळी आज समोर बसलेली आहेत. मी विचारले, "वालाच्या शेंगांवर बोललो तर चालेल का?" बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग अध्यक्षसाहेब हसून म्हणाले, "बोला, पण येताना शेंगा घेऊन या." चैत्रात वालाच्या शेंगा नसतात. म्हणून बियाणे घेऊन आलो आहे. ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे; त्याविषयी शेवटी सांगेन.

आमचे जुने घर परळीच्या जुन्या गावात होते. दर्शनी बाजूस दुकान, मागे राहते घर आणि त्यामागे आड, न्हाणी व सरपणाची पडवी असलेले लहानसे परस. त्या पडवीवर दरवर्षी एक वेल चढत असे. आईचे माहेर अंबाजोगाईकडच्या एका खेड्यातले. लग्नानंतरचे पहिले माहेरपण आटोपून ती परत आली तेव्हा तिने पदराच्या गाठीत मूठभर वालाचे दाणे बांधून आणले होते, असे ती सांगत असे. म्हणून आमच्या घरात त्याचे नाव 'माहेरचा वाल'. शेंग चपटी, रुंद, हिरवीगार आणि तिच्या दोन्ही कडांना जांभळी किनार; जणू काठाचे लुगडेच. वाळलेला दाणा काळपट तपकिरी आणि त्याच्या कडेला पांढरी शुभ्र रेघ. कापडाच्या घरात वाढलेल्या मुलाला त्या शेंगेची किनारच आधी दिसावी, यात नवल नाही.

कांदा, लसूण, बटाटा, गाजर वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघराला शेंगवर्गाचा केवढा आधार असतो, हे येथील भगिनींना मी सांगण्याची आवश्यकता नाही. भोगीच्या दिवशी शेजारच्या घरांतून गाजर घातलेली भाजी होई. आमच्या भाजीत गाजराची उणीव वालाच्या शेंगा भरून काढीत. तीळ, शेंगदाण्याचे कूट, हिंग आणि सोबत बाजरीची भाकरी. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसे, तेव्हा वाळलेला वाल भिजवून, मोड येऊ न देता सोलून, भिजवलेले पाणी टाकून देऊन आई त्याची आमटी करी. पानात त्या दिवशी कच्चे दही-ताक वाढले जात नसे, कारण द्विदल. पुढे शाळेत वनस्पतिशास्त्राच्या गुरुजींनी दोन दळांच्या बियांना 'द्विदल' म्हणतात असे फळ्यावर लिहिले, तेव्हा हा शब्द गुरुजींनी आमच्या आईकडून घेतला असावा, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती.

येथे नावांविषयी थोडा खुलासा करतो, कारण या विषयात नावांचा फार गोंधळ आहे. आपण वाल, पावटा आणि पुष्कळदा घेवडा म्हणतो ती या भूमीची जुनी वनस्पती आहे. दख्खनच्या दक्षिण भागातील उत्खननांत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे वालाचे दाणे मिळालेले आहेत. याउलट श्रावणघेवडा आणि राजमा ही अमेरिका खंडातून युरोपीय खलाशांबरोबर इकडे आलेली, निराळ्या प्रजातीची पिके. अर्थात परके म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाहीत. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागात रुजलेल्या वाघ्या घेवड्याला, ज्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चवळी आणि तलवारीसारख्या लांब शेंगेची अबई हीदेखील घरगुती वेलींतली. पण मी आज प्रामुख्याने वालाविषयीच बोलणार आहे, कारण माझे नुकसान झाले ते वालाच्या बाबतीत.

आईची पद्धत अशी होती. दिवाळीनंतर वेल शेंगांनी लगडला की सर्वांत निरोगी वेल निवडून ती त्याच्या बुंध्याला लाल खणाची एक चिंधी बांधी. त्या वेलाच्या शेंगांना कोणीही हात लावायचा नाही. घरात पाहुणे आले, भाजी कमी पडली, तरीही नाही. पौषात त्या शेंगा वेलावरच वाळून खुळखुळू लागत. मग त्या सोलून, कोवळ्या उन्हात चार-पाच दिवस वाळवून, गोवऱ्यांच्या चाळलेल्या राखेत कालवून मातीच्या लहान गाडग्यात भरल्या जात. गाडग्याचे तोंड दुकानातल्या कापडाच्या तुकड्याने बांधलेले असे : वालाला लाल, चवळीला हिरवा, अबईला पिवळा. तिला लिहिता-वाचता येत होते. तरी चिठ्ठी लावण्याची गरज तिला कधी भासली नाही.

मृग नक्षत्रापूर्वी ती गाडगी उघडली जात, आणि येथेच माझा व तिचा मतभेद होई. जी मागेल तिला आई ओंजळभर बियाणे देऊन टाकी. कासारीण, दूधवाली, दुकानात लुगडे घ्यायला आलेली खेड्यातली बाई, सगळ्यांना. आपल्याला पुरतील एवढेच दाणे गाडग्यात उरत. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो, साठा, उलाढाल, मूल्यांकन हे शब्द ताजे होते. मी एकदा म्हणालो, "आई, भाव तरी लाव." ती म्हणाली, "बियाला भाव नसतो रे, बियाला हात असतात." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा समजला नाही, आणि समजून घेण्याइतकी सवडही नव्हती.

जानेवारी २००४ मध्ये आईचे निधन झाले. त्या वर्षीच्या शेंगा तिनेच वाळवलेल्या होत्या. घर आवरताना गाडगे सापडले. तिची आठवण म्हणून मी ते बियाणे एका चांगल्या पत्र्याच्या डब्यात घातले, डब्यावर तिचे नाव व साल लिहिले आणि तो दुकानाच्या माळ्यावर कुलपात ठेवला. कोणी बियाणे मागितले तर 'ते आईचे आहे' असे सांगून मी देत नसे. आज हे सांगताना संकोच वाटतो. पण त्या वेळी ती मला मातृभक्ती वाटत होती. पुढे जुने घर पाडून नवे बांधले, परस गेले, वेलही गेला. डबा मात्र सुरक्षित राहिला.

२०१३ चा दुष्काळ आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत पाणी नाही म्हणून आपले औष्णिक विद्युत केंद्रही बंद ठेवावे लागले होते. जूनमध्ये पाऊस आला आणि कसे कोण जाणे, मला आईच्या वालाची आठवण झाली. डबा खाली काढला. दाणे तसेच काळपट, गुळगुळीत, कीड नाही, भोक नाही. मोजले, एक्केचाळीस होते. गच्चीवरच्या कुंड्यांत आणि कुंपणाच्या कडेला सर्व लावले. पंधरा दिवस वाट पाहिली. एकही उगवला नाही. सतराव्या दिवशी एका कुंडीतली माती उकरली, तर दाण्याच्या जागी काळा चिखल होता.

असे का झाले, हे मी पुढे समजून घेतले. बियाणे म्हणजे निर्जीव माल नव्हे. आपले शास्त्र उगवण्याची शक्ती असलेल्या दाण्याला सचित्त मानते. विज्ञानाचेही म्हणणे त्याहून फार निराळे नाही. दाण्याच्या आत जीव मंदपणे श्वसन करीत असतो, आपली शिदोरी हळूहळू खात असतो. उष्णता आणि ओलावा जितका अधिक, तितकी ती शिदोरी लवकर संपते. बियाणेशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात : दाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी केला, किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवले, तर बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. हा हिशेब उलटाही चालतो. परळीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखालचा माळा किती तापतो, ते आपण जाणता. अशा माळ्यावर मी आईचा वाल दहा उन्हाळे ठेवला होता. घरगुती साठवणीत वालाचे बियाणे दोन-तीन वर्षे चांगले राहते. पुढे दरवर्षी त्याची उगवण घसरत जाते.

व्यापारी माणूस नुकसानीचा विचार पैशात करतो. मी तो करून पाहिला आणि जमेना. दुकानात एखाद्या डिझाइनचा तागा संपला तर इचलकरंजीला, मालेगावला, सुरतेला फोन करता येतो. ते डिझाइन बंद झाले असले तर दुसरे मिळते. ग्राहक थोडा नाराज होतो, इतकेच. मागे गिरणी उभी असते. या वालाच्या मागे कोणतीही गिरणी नव्हती. त्याचा एकमेव कारखाना म्हणजे आमच्या पडवीवरचा वेल, आणि तो मीच बंद केला होता. आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात भांडवल आणि उत्पन्न यांतला भेद शिकवला जाई. भांडवल खाऊ नये, हे प्रत्येक वाण्याच्या मुलाला पुस्तकाआधीच ठाऊक असते. पण भांडवल कुलपात ठेवल्यानेही मरते, हे मला त्या एक्केचाळीस दाण्यांनी शिकवले.

मग शोध सुरू केला. बहिणीकडे विचारले, ती फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून तिच्याकडचा वेल बंद झाला होता. मामांच्या शेतावर गेलो. तेथे बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन. पूर्वी ज्वारीच्या आणि कापसाच्या रानात तूर, मूग, चवळीच्या ओळी असत, बांधावर आणि कुडावर वाल असे. ते आता दिसत नाही. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. ज्याचा भाव मोंढ्यात रोज पुकारला जातो, ते पीक तो घेणार. कुडावरच्या वालाचा भाव कोण पुकारतो?

२०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, ते दिवस. सिरसाळ्याकडच्या एका खेड्यातले कुटुंब बस्ता बांधायला दुकानात आले. बस्त्याला वेळ लागतो, गप्पा होतात. त्यांच्यातली एक वृद्ध बाई आईला ओळखणारी निघाली. बोलता बोलता मी वालाची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "शेटजी, काकूंनी दिलेला वाल अजून हाय की आमच्या कुडावर." माझ्या हातातली साडीची घडी तशीच राहिली. पुढच्या बाजाराला तिने आठवणीने एका फडक्यात पावशेर बियाणे बांधून आणले. मी पैसे पुढे केले, तेव्हा तिने हात मागे घेतला. "बियाचे पैसे घेत नसतेत." आईने तिला ओंजळभर वाल दिला, त्याला तोवर तीस वर्षे होऊन गेली असावीत.

तो वाल आमच्या आईचाच आहे का, असे मला अनेक जण विचारतात. शपथेवर सांगता येणार नाही. शेंग तशीच चपटी, दाण्यावरची पांढरी रेघ तीच. परंतु जांभळी किनार थोडी फिकी आहे आणि शेंग माझ्या आठवणीपेक्षा आखूड आहे. वालाच्या फुलात परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होते, तरी भुंगे आणि मधमाश्या थोडेफार परपरागीकरण करतातच. तीस वर्षांत त्या कुडावर आणखी कोणता वाल आला असेल, तर त्याचा अंश यात उतरला असेल. कदाचित माझी आठवणच अधिक गडद रंगाची असेल.

त्या जूनमध्ये लावलेला वेल जोमाने वाढला. पण नवरात्र आले तरी फूल नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, हा नुसता पाला आहे, काढून टाकू." मीही विळा हातात घेतला होता. या टप्प्यावर अनेकांचे वेल जातात, म्हणून हे विस्ताराने सांगतो. जुना वाल दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस लहान आणि रात्री मोठ्या झाल्याशिवाय तो फुलावर येत नाही. मग पेरणी जूनमध्ये करा की ऑगस्टमध्ये. दसऱ्याच्या सुमारास कळी, दिवाळीनंतर शेंगा आणि संक्रांतीला भर. अलीकडचे ठेंगणे वाण या नियमातून मोकळे केलेले आहेत, ते दोन-अडीच महिन्यांत शेंगा देतात. ज्याच्याकडे एकच कुंडी आहे त्याने ते अवश्य लावावेत. पण जुन्या वेलाला चार महिने पाला म्हणून सहन करावे लागते. आमच्या वेलाला दसऱ्यानंतर जांभळे तुरे आले आणि घरातला वाद मिटला. त्यानंतर एकही वर्ष खंड पडलेला नाही.

दोन-तीन वर्षांनी वर्तमानपत्रांतून श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे यांचे नाव झळकू लागले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे त्यांचे गाव. शाळेचे शिक्षण नाही, महादेव कोळी समाजातील शेतकरी कुटुंब. त्यांनी आपल्या डोंगरी भागातील भात, भाज्या, कडधान्ये यांचे गावरान बियाणे जमवले, दरवर्षी लावून जिवंत ठेवले आणि गावोगावच्या स्त्रियांना वाटले. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेचे त्यांना साहाय्य लाभले. राहीबाईंच्या संग्रहात वाल-घेवड्याचे अनेक प्रकार आहेत. लांब, आखूड, हिरवे, जांभळे, तांबूस. बी.बी.सी.ने २०१८ च्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचा समावेश केला, आणि २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री त्यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते प्रदान झाली. नऊवारी साडीतल्या त्या माऊलीचे छायाचित्र पाहून माझ्या पत्नीने विचारले, "सासूबाईंना कोणी पद्मश्री दिली असती का हो?" मी म्हणालो, सासूबाईंचे बियाणे मी कुलपात ठेवले, राहीबाईंच्या घरच्यांनी तसे केले नाही.

जगात यासाठी मोठमोठी भांडारे आहेत. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूहात, गोठलेल्या डोंगराच्या पोटात, २००८ पासून जगभरचे बियाणे उणे अठरा अंशांत ठेवले जाते. आपल्या देशाची राष्ट्रीय जनुकपेढी दिल्लीला आहे. अशा संस्था हव्यातच. पण तेथेही बियाणे कायमचे पडून चालत नाही. उगवण तपासावी लागते आणि ती उतरली की लावून नवे करावे लागते. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोची बियाणेपेढी दुरावली, तेव्हा २०१५ साली शास्त्रज्ञांनी स्वालबार्डहून आपलीच ठेव परत मागवली, ती शेतात लावली आणि नवे बियाणे २०१७ पासून पुन्हा तेथे जमा केले. आणखी एक प्रसंग मला नेहमी अस्वस्थ करतो. १९४१ ते १९४४ या काळात लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. तेथे निकोलाय वाविलोव्ह या शास्त्रज्ञाने उभारलेला बियाण्यांचा विशाल संग्रह होता. शहर उपाशी मरत असताना त्या संस्थेतील कित्येक कर्मचारी भुकेने गेले. भोवती धान्याची पोती असूनही त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. खुद्द वाविलोव्ह त्याच सुमारास, १९४३ साली, आपल्याच सरकारच्या तुरुंगात मरण पावला. भांडवल न खाण्याची याहून कठोर कथा मी वाचलेली नाही.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी, अनुभवातून जमलेले थोडेसे. वालाला फार माती लागत नाही, आधार लागतो. भिंतीकडेची हातभर जागा, एक जाळी किंवा दोरी आणि न्हाणीचे पाणी पुरते. त्याच्या मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र धरून देतात, म्हणून खताची मातब्बरी नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा पडतो. मी औषध मारीत नाही. शेंड्यावर पाण्याची हलकी धार धरतो आणि ढाल किड्यांची वाट पाहतो. बियाण्याचा वेल मात्र हंगामाच्या आरंभीच निवडावा. खाऊन उरलेल्या शेवटच्या, रोगट, वाकड्या शेंगांचे बी ठेवणे ही आपली नेहमीची चूक. ग्राहकाला उत्तम तागा दाखवून घरी मात्र कटपीस नेण्याची आपली सवय येथे कामाची नाही. शक्यतो एकाच नव्हे तर चार-सहा वेलांचे बी एकत्र ठेवावे, आणि दोन जातींचे वाल शेजारी लावू नयेत.

दाणा पुरेसा वाळला की नाही, हे दाताखाली कळते. दाताची खूण उमटली तर ओल आहे. दाणा टणक लागून दातच दुखला तर वाळला. साठवण्यापूर्वी आणि पुन्हा पेरणीपूर्वी उगवण पाहावी. ओल्या मांजरपाटाच्या तुकड्यात दहा दाणे गुंडाळून सावलीत ठेवावे, कापड सुकू देऊ नये, आठवड्याने मोजावे. सातांहून कमी उगवले तर त्या वर्षी दुप्पट दाणे लावून बियाणे नवे करून घ्यावे. परीक्षेत उगवलेले दाणे मी वाया घालवीत नाही, कुंडीत लावतो. मांजरपाट कोणास हवे असल्यास दुकानी यावे. त्याचे पैसे घेणार नाही.

राहिला किडीचा प्रश्न, आणि श्रावकाच्या दृष्टीने तोच सर्वांत अवघड आहे. कडधान्याचा भुंगा शेंग वेलावर असतानाच तिच्यावर अंडी घालतो. अळी दाण्यात शिरते, आतून पोखरते आणि पुढे भुंगा होऊन, गोल भोक पाडून बाहेर पडते. बाजारात यासाठी विषारी गोळ्या मिळतात; त्या मी वापरीत नाही. माझा मार्ग प्रतिबंधाचा आहे. शेंग वाळताच तोडायची, वेलावर आठवडे ठेवायची नाही, लगेच सोलायची, एकेक दाणा पाहून घ्यायचा, मग थंड, चाळलेल्या राखेत घालायचा. राखेने दाण्यांमधल्या फटी भरतात, त्यामुळे भुंग्याला फिरता येत नाही की अंडी घालता येत नाहीत. परळीत राखेला काय तोटा, असे कोणी म्हणेल. परंतु औष्णिक केंद्राची राख या कामाला नको, गोवऱ्यांचीच हवी. पुढे दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पाहायचा. आपले साधू-साध्वी वस्त्र-पात्रांचे प्रतिलेखन करतात, त्याचीच मला त्या वेळी आठवण होते. भोक पडलेले दाणे वेगळे काढून मी परसातल्या सावलीत ठेवून देतो. इतके करूनही वाळवताना उन्हाने काही सूक्ष्म अंडी मरत असतीलच. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि शिकवली असे आपली परंपरा सांगते, तेव्हा कृषीतली अपरिहार्य हिंसा त्यांनाही ठाऊक असणार, अशी मी मनाची समजूत घालतो. ती पूर्णपणे पटलेली नाही. विद्वानांनी यावर मार्गदर्शन केल्यास मी ऋणी राहीन.

असे बियाणे वाटणे कायद्यात बसते का, अशी शंका एका वकील मित्राने काढली होती. बसते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. २०१९ साली गुजरातेत एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपल्या नोंदणीकृत वाणावरून शेतकऱ्यांवर दावे लावले आणि देशभर ओरड झाल्यावर मागे घेतले. ते वाण बटाट्याचे होते, म्हणजे आपल्या ताटाशी त्याचा संबंध नाही. पण हक्काशी आहे. कुडावरच्या वालावर कोणाचीच मालकी नाही. संकरित बियाण्याची गोष्ट वेगळी. त्याची दुसरी पिढी मूळ रोपासारखी निघत नाही, म्हणून ते राखून उपयोग नसतो. दरवर्षी विकतच घ्यावे लागते.

आता टेबलावरच्या पुड्यांविषयी. एकूण एकशे आठ पुड्या आहेत, प्रत्येकीत सात दाणे. लाल खणाच्या चिंध्यांत बांधल्या आहेत. खण दुकानातलाच आहे. हे दाणे यंदाच्या पौषातले असून चैत्रातच मांजरपाटात तपासले आहेत. दहांतले नऊ उगवले. मृगाचा पाऊस पडेपर्यंत फडताळात, सावलीत ठेवावेत. फ्रिजवर किंवा गॅसच्या ओट्याजवळ नको. नवरात्रात वेल नुसता पाला दिसला तर उपटण्यापूर्वी मला एक फोन करावा. मूल्य काही नाही. पुढच्या संक्रांतीनंतर सातांचे चौदा दाणे परत आणून द्यावेत, किंवा मला न देता दुसऱ्या कोणाला द्यावेत आणि कोणाला दिले ते मला सांगावे. त्यासाठी मी एक नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर त्या सिरसाळ्याकडच्या आजीबाईंचे नाव आहे, दुसऱ्यावर आईचे. जाताना आपले नाव आणि गल्ली तेवढी लिहून जावे. पेन टेबलावर बांधून ठेवले आहे.

जय जिनेंद्र.